उसनी थंडी

मे महिन्यात जयपूरला कामाशिवाय कुणी जात नाही. मीही कामासाठीच गेलो होतो. काम लवकर आटोपलं म्हणून एका ओळखीच्या माणसाबरोबर सीकर रोडवरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात शिरलो. तिथे त्याला सगळे ‘व्हीकेआय’ म्हणतात आणि पत्ता विचारला की रोडचा नंबर सांगतात. देवाचं नाव शोभावं असंच सगळं चाललेलं असतं: कापणं, वाकवणं, जोडणं, घासणं. एका शेडमध्ये माणसाहून उंच अशी स्टेनलेस स्टीलची टाकी आडवी पाडून ठेवली होती. बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास, आत पत्र्याखाली किती ते विचारायलाच नको. आणि जिच्यापायी सगळे घामाघूम झाले होते, त्या वस्तूचं आयुष्यभराचं काम थंड राहणं हे होतं.

टाकी दुधाची होती. तिच्या अंगावर दुसरा, जरा पातळ पत्रा चढवलेला. हा पत्रा आतल्या पत्र्याला हातभर अंतरानेसुद्धा नाही, चार-चार बोटांवर टिपक्यासारखा वेल्ड केला होता. टिपक्यापाशी पत्रा आत दबलेला, मधे फुगीर. लांबून पाहिलं तर आजीने गोधडीला टाके घालावेत तसं दिसायचं. फरक इतकाच की गोधडी ऊब धरते आणि ही थंडी. या फुगवट्यांतून गारेगार द्रव फिरत राहतो आणि आतलं दूध नासत नाही. कारागिराने मान वर न करता सांगितलं की दुधाची असो की वाइनची, टाकीची जात एकच. झाकण आणि तोट्या तेवढ्या बदलतात.

मला एकदम निफाडची एक बाटली आठवली.

काही वर्षांपूर्वी नाशिकला मित्राकडे जेवायला गेलो होतो. तळलेली सुरमई होती आणि सोबत एक पांढरी वाइन. आपल्याकडे पांढरी वाइन म्हटलं की दोनच नावं पुढे येतात, शनँ ब्लाँ नाहीतर सोव्हिन्यों ब्लाँ. या बाटलीवर तिसरंच होतं: ग्रिल्लो. निफाडजवळच्या कुंदेवाडीची ‘रेव्हिलो’. यतीन पाटील यांची ही वाइनरी, आणि तिथले सुरुवातीचे वाइनमेकर आंद्रेआ व्हालेन्तिनुझ्झी हे इटालियन. भारतात ग्रिल्लो लावून तिची वाइन सर्वांत आधी काढली ती यांनी. वास लिंबाच्या सालीचा, चव कोरडी, आणि घोट गेल्यावर जिभेच्या कडांना किंचित खारटपणा राहिल्यासारखा. बाटली संपली, नाव डोक्यात राहिलं. इटालियन भाषेत ग्रिल्लो म्हणजे रातकिडा. पिनोकिओच्या गोष्टीत त्या लाकडी पोराला उपदेश करणारा जो बोलका किडा आहे, तोही ग्रिल्लोच.

हा रातकिडा मूळचा सिसिलीचा, बेटाच्या पश्चिम टोकाला त्रापानी आणि मार्साला या बाजूचा. उन्हाचा, वाऱ्याचा, खाऱ्या हवेचा मुलूख. उत्तर इटलीत द्राक्ष पिकेल की नाही याची चिंता असते. इथे उलटं, ते फार पिकेल याची. ग्रिल्लोची साल जाड, साखर भरपूर, ऊन सोसण्याची ताकद मोठी. तरी जवळजवळ शंभर वर्षं या द्राक्षाला स्वतःच्या नावाने कुणी प्यालंच नाही.

कारण मार्साला, त्या गावच्याच नावाची वाइन. १७७३ मध्ये जॉन वुडहाउस नावाचा इंग्रज व्यापारी तिथे उतरला. तिथली वाइन त्याला आवडली, पण इंग्लंडपर्यंतच्या प्रवासात ती टिकावी कशी? त्याने तीत वरून मद्यार्क घातला. मद्यार्क पुरेसा झाला की वाइन बिघडवणारे जिवाणू तग धरत नाहीत. हवेने ती तपकिरी व्हायची, त्यात अक्रोडासारखा वास यायचा, आणि तोच तिचा गुण ठरला. पुढे नेल्सनच्या आरमारालाही मार्साला पुरवली गेली. धंदा इतका वाढला की सिसिलीतल्या पांढऱ्या द्राक्षाला दुसरं काम उरलं नाही. ग्रिल्लो म्हणजे मार्सालाचा कच्चा माल. आपल्याकडे तांदळाच्या कण्यांना जो मान, तेवढा.

यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता, आणि मला ही गोष्ट इथेच आवडायला लागते. त्या उन्हात दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं तेव्हा जवळपास निम्मी अल्कोहोल होते, निम्मी कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते, आणि या सगळ्यात उष्णता बाहेर पडते. थोडीथोडकी नाही. २२ ब्रिक्सचा रस, म्हणजे शंभर ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम साखर असलेला, मोठ्या टाकीत तसाच सोडला आणि उष्णता निघून जायला वाट मिळाली नाही, तर त्याचं तापमान आपोआप पंचवीस अंशांहून जास्त वाढू शकतं. सिसिलीच्या ऑगस्टमध्ये रस मुळातच तीसच्या आसपास. म्हणजे यीस्ट स्वतःच्याच चुलीत मरायचं, नाहीतर चार दिवसांत आंबवण उरकून मोकळं व्हायचं. आणि बुडबुड्यांबरोबर सगळा सुवास उडून जायचा. लिंबाची साल, पीचचा गर, ओल्या दगडाचा वास, सगळं कोठाराच्या छताला. खाली उरायचं ते मद्य. त्यात मद्यार्क घालून मार्साला करणं हा शहाणपणाच होता.

म्हणजे ती चव द्राक्षात होतीच, पण ऐकू येत नव्हती. ती ऐकू यायला थंडी लागत होती, आणि थंडी कुठल्या तरी व्हीकेआयमध्ये वेल्डिंग होऊन येणार होती.

विसाव्या शतकात मार्सालाचीही रया गेली. तीत अंडं, कॉफी असलं काहीबाही मिसळून विकू लागले, आणि ती जेवणाच्या टेबलावरून स्वयंपाकघरात गेली. ग्रिल्लोच्या बागा कमी होत गेल्या. जास्त उतारा देणारं कातार्रात्तो हे द्राक्ष लोकांना परवडायचं. मग मार्को दे बार्तोली हा माणूस आला. मोटारींच्या शर्यतींचं वेड असलेला, मार्सालातल्याच घराण्यातला. १९८० मध्ये त्याने मद्यार्क न घालता केलेली ‘व्हेक्कियो साम्पेरी’ बाजारात आणली. मद्यार्क नाही म्हणून कायद्याने तिला मार्साला म्हणता येईना. तिची पद्धत वुडहाउसच्या आधीची: जुनं पिंप कधी रिकामं करायचं नाही, जेवढं काढलं तेवढं नव्या वर्षाचं वर ओतायचं. आपल्या घरात विरजण चालतं तसं. आजच्या दह्यात पणजीच्या दह्याचा अंश असतो तसा त्या प्रत्येक पेल्यात कुठल्या कुठल्या जुन्या सुगीचा. आणि १९९० मध्ये याच माणसाने उलट टोकाचं काही केलं. फक्त ग्रिल्लोची, थंड आंबवलेली, कोरडी पांढरी वाइन काढली. ‘ग्राप्पोली देल ग्रिल्लो’, ग्रिल्लोचे घड. आज सिसिलीभर ज्या कोरड्या ग्रिल्लो मिळतात त्यांची वाट तिथून निघते.

आता ‘देशी’ या शब्दाबद्दल. ग्रिल्लोला इटलीत देशी वाण म्हणतात, आणि देशी म्हटलं की आपल्याला रोमनांच्या काळातलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. डीएनए तपासल्यावर कळलं की ग्रिल्लोचे आईबाप आहेत कातार्रात्तो आणि झिबिब्बो. फावारा गावच्या बॅरन अंतोनियो मेंदोला यांनी १८६९ मध्ये याच दोघांचा संकर केल्याची नोंद आहे, आणि बहुतेक जण ग्रिल्लोचं जन्मपत्र तिथेच शोधतात. पुढे १८८० च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या मुळं कुरतडणाऱ्या किडीने सिसिलीच्या बागा बसवल्या. अमेरिकन खुंटावर कलमं बांधून सगळं नव्याने लावावं लागलं, आणि या नव्या लावणीत त्रापानीकडे ग्रिल्लोने हातपाय पसरले. म्हणजे हा ‘जुना देशी’ वाण आपल्या आगगाडीपेक्षा लहान.

झिबिब्बो हे नाव अरबी ‘झबीब’वरून, झबीब म्हणजे मनुका. जग याच द्राक्षाला मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया म्हणतं. त्याच्या सुवासात लिनालूल नावाचं द्रव्य असतं, जे आपल्या धण्यांत ठासून भरलेलं आहे, आणि जेरानिऑल असतं, जे गुलाबात असतं. याच मस्कतचं दुसरं एक अपत्य म्हणजे मस्कत हॅम्बर्ग, आणि त्याला आपल्याकडे गुलाबी म्हणतात, तमिळनाडूत पन्नीर, म्हणजे गुलाबपाणी. तर हिशेब लावा. सिसिलीतला ग्रिल्लो आणि कंबमच्या खोऱ्यातलं गुलाबी द्राक्ष ही सख्खी नसली तरी निम्मी भावंडं आहेत. एक पालक तोच. हे कळल्यावर मी कोइम्बतूरच्या मंडईत घेतलेली ती काळसर, बियांची, स्वस्तातली द्राक्षं आठवून जरा ओशाळलो. खाताना इतका आदर दाखवला नव्हता.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला अजून नीट पचलेली नाही. द्राक्षाची बी पेरून तीच जात येत नाही, हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही तसंच. जात टिकवायची तर काडी कापायची आणि ती रुजवायची, नाहीतर खुंटावर डोळा बांधायचा. म्हणजे त्रापानीतला ग्रिल्लोचा वेल आणि कुंदेवाडीतला वेल ही दोन झाडं नव्हेतच. एका बीजातून एकदाच उगवलेलं ते एकच झाड आहे, काड्या काड्यांनी पसरलेलं. कुंदेवाडीच्या बागेचं वय काहीही असो, त्या पानातला जीव व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून एकदाही मेलेला नाही. फक्त खाली जमिनीत जे आहे ते परकं. आपल्याकडेही वाइनच्या बागा खुंटावरच असतात, पण त्याचं मुख्य कारण जमिनीतले क्षार आणि पाण्याची ओढ.

एक झाड, दोन मुलूख. आणि दुसऱ्या मुलखात आल्यावर त्याच्यापुढे अडचण उभी राहिली ती थंडीचीच.

सिसिली कितीही तापली तरी तिथे हिवाळा असतो. नोव्हेंबरात पानं गळतात, वेल झोपतो, मार्चमध्ये जागा होतो. नाशिकला वेल झोपतच नाही. पाणी मिळालं की वाढतो, बारा महिने हिरवा. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला होता, त्याने लिहून ठेवलंय की इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात. त्याला याचं नवल वाटलं, आणि वाटावंच. तो जिथून आला तिथे द्राक्षाला वर्षाकाठी एकच संधी असते. आपण पुढे दोन पिकांचं हे वरदान मुद्दाम नाकारलं, कारण दुसरं पीक नेमकं पावसात सापडतं आणि डाऊनी, भुरी हे रोग त्याचा फडशा पाडतात. आता दोन छाटण्या आणि एक पीक, असा व्यवहार आहे.

एप्रिलमध्ये खरड छाटणी. ओलांड्यावर एखाददुसरा डोळा ठेवून सगळी बाग बोडकी करायची, तीही चाळीस अंशांच्या उन्हात. नव्या काड्या फुटतात, आणि साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या आत काडीवरच्या प्रत्येक डोळ्यात, बाहेरून काही दिसत नसताना, ठरून जातं की यात घड आहे की नुसती पानं. शेतकरी याला घडनिर्मिती म्हणतो. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं तर डोळे रिकामे निघतात. मग पावसाळा जातो. ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, गोडी छाटणी. काडी कापली की जो डोळा पुढे येतो त्यातून घड बाहेर पडतो. पण डोळे थंडीत झोपून उठलेले नसतात, म्हणून एकसारखे जागे होत नाहीत. कुणी आज फुटतो, कुणी दहा दिवसांनी. त्यांना एकदम उठवायला छाटणीनंतर लगेच हायड्रोजन सायनामाइड लावतात. बागेत याला ‘पेस्ट लावणं’ म्हणतात. हातमोजे घातलेल्या बाया रांगेने जातात आणि एकेक काडी पुसल्यासारखी करत पुढे सरकतात. हजारो डोळे आहेत, एकही सोडून चालत नाही.

हिवाळा म्हणतात तो हाच, कात्री आणि कापडाचा बोळा. सिसिलीत जे काम चार महिन्यांचा गारवा फुकट करतो ते इथे मजुरी देऊन करून घ्यावं लागतं. वेलाला मात्र ती झोप मिळत नाही ती नाहीच. म्हणून आपल्याकडे पंधरा-वीस वर्षांची बाग म्हातारी म्हणतात. तिकडे पन्नास वर्षांच्या वेलीला आत्ता कुठे भारदस्तपणा आला असं बोलतात.

आपल्या जुन्या वाणांचंही असंच झालं असणार असा कुणाचा समज होईल, पण ते म्हातारे होऊन गेले नाहीत. त्यांना रजा देण्यात आली. भोकरी, फकडी, पांढरी साहेबी, काळी साहेबी ही नावं नाशिक-पुण्याकडच्या जुन्या बागायतदारांच्या तोंडी अजून असतात. पांढऱ्या साहेबीच्या रोपांतूनच डॉ. चीमा यांनी गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात ‘चीमा साहेबी’ निवडली. मग बिनबियांची थॉमसन आली आणि बियांच्या द्राक्षाला बाजारात विचारेना कुणी. थॉमसनच्याच बागेत बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना जरा वेगळा निघालेला वेल दिसला, त्याची ‘तास-ए-गणेश’ झाली; सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ निवडली. एका वेलीतली एक फांदी आपल्या बहिणींसारखी नाही हे ओळखायला जी नजर लागते, तिचं मला फावाऱ्याच्या बॅरनपेक्षा जास्त कौतुक आहे. त्याच्याकडे निदान ग्रंथालय होतं.

वाइनचा कारभार आपल्याकडे तसा कालचा. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क झाले, नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं. बहुतेकांनी फ्रेंच वाण लावले कारण गिऱ्हाइकाला तीच नावं ठाऊक होती. आपल्यासारख्याच तापट मुलखातलं द्राक्ष आपल्याकडे जास्त रमेल हा विचार साधा वाटतो, पण तो करायला आणि त्यावर जमीन लावायला धाडस लागतं. बाजारात ग्रिल्लो मागणारं कोण होतं?

आणि तरीही उन्हाशी जमणं हा निम्माच भाग. चांगल्या पांढऱ्या वाइनला आंबटपणा लागतो, आणि मण्यातलं मॅलिक आम्ल उबेत जळून जातं. वेल ते श्वासाबरोबर खर्च करतो. रात्र गार असली की खर्च कमी. इथे कुंदेवाडीचं नशीब कामाला येतं. दर डिसेंबर-जानेवारीत ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी आपण वाचतो ना, तो पारा कुंदेवाडीच्याच गहू संशोधन केंद्रातला. काही वर्षी तो दोन-तीन अंशांपर्यंत उतरलाय. दिवसा तिशीकडे झुकणारं ऊन आणि रात्री ही थंडी. मणी दिवसभर साखर जमवतो, रात्रभर आम्ल राखतो.

मग तोड. पहाटे, उन्हाच्या आत. हलक्या दाबाने रस काढायचा, दहाएक अंशांवर गाळ बसू द्यायचा, वरचा निवळ दुसऱ्या टाकीत घ्यायचा आणि यीस्ट सोडायचं. तापमान चौदा ते सोळा अंशांच्या मधे धरून ठेवायचं, दोन-तीन आठवडे. टाकीच्या अंगावर तोच गोधडीसारखा पत्रा आणि त्यातून फिरणारं ग्लायकॉलचं गार पाणी. बाहेरून टाकीला दव सुटतं. हात लावला तर माठासारखी गार लागते. कान लावला तर आत बारीक, एकसारखी चरचर ऐकू येते, बुडबुडे फुटत असतात त्यांची. अंधाऱ्या शेडमध्ये, डोळे मिटून ऐकली तर रातकिड्यासारखीच.

याच गावात, कुंपणापलीकडे, खाण्याच्या द्राक्षाची बाग असते. तिथल्या माणसाला हीच थंडी वैरी. पारा उतरला की पिकत आलेले मणी तडकतात, हिरव्या मालावर गुलाबी झाक येते, आणि ‘पिंक बेरी’ म्हटलं की निर्यातीचा भाव गेला. म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. बागेत वाकून चाललं की कागदांवरच्या जुन्या बातम्या वाचत जाता येतं, निवडणूक, क्रिकेट, कुठे अपघात, आणि एखाद्यावर निफाडचा पारा. जानेवारीच्या अखेरीस पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांची तोड सुरू होते तेव्हा पहाटे चार-साडेचारला हा शेतकरी उठतो, ठिबक चालू करतो आणि ओळींमधे ठिकठिकाणी काटक्या-पाचटाच्या शेकोट्या पेटवतो. धूर मांडवाखाली पसरतो आणि कुंपणापर्यंत जातो. पलीकडच्या शेडमध्ये चिलरचा कॉम्प्रेसर रात्रभर धडधडतोच आहे.